दीडशे घरांचं कणीस

गिऱ्हाईक 'फोक पाहिजे' म्हणालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. हत्ती टाका, मोर टाका, जमलं तर एखादा रथ टाका. मी बेळगावात राहून चादरी, पडदे, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे यांची डिझाइनं करते. मागासाठीही आणि छपाईसाठीही. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही, पेन्सिल मात्र आपोआप खाली ठेवली जाते. हत्ती-मोरांशी माझं वैर नाही. आमच्या भागातल्या कसुतीत ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि झोकात आहेत. पण चित्र उचलणं सोपं असतं. ते चित्र ज्या मोजणीतून आलं ती मोजणी उचलायची तर घाम निघतो, आणि रोज अंथरायच्या-धुवायच्या कापडाला उपयोग तिचाच होतो. 'शाळू' हा नमुना करताना हे मला पुरतं पटलं.

आधी कसुतीबद्दल थोडं. धारवाड ही तिची पेठ, पण बेळगाव जिल्ह्यातही जुन्या घरांत कसुतीचं एखादं काळं लुगडं निघतंच. या कामात कापडावर आधी काही रेखाटत नाहीत. ताण्याचे आणि बाण्याचे धागे मोजायचे आणि सुई घालायची. गाठ मारायची नाही. टाके चार: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंती. गवंती म्हणजे जाताना एकाआड एक टाका घालत जायचं आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरत यायचं. मुर्गीची चाल पायऱ्यापायऱ्यांची. हे दोन टाके नीट घातले तर कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. नेगी विणीसारखा दिसतो, मेंती फुलीचा. गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, पोपट, हत्ती, सगळं या चारांत बसवलेलं. हत्तीची पाठ गोल नसते, पायऱ्यांची असते, कारण धागे उभे-आडवेच असतात. हत्तीचा आकार हत्तीनं ठरवलेला नाही, कापडानं ठरवलाय. हे ध्यानात घेतलं नाही आणि फोटोवरून हत्ती 'ट्रेस' केला, की जे होतं ते विमानतळावरच्या दुकानांत बघायला मिळतं.

निपाणीकडं अक्कोळला आमची एक आत्ती असते. आयुष्यभर बिड्या वळल्या तिनं. मजुरी हजारावर, त्यामुळं मोजणं हाताच्या अंगवळणी. तिच्या ट्रंकेत दोन इरकली लुगडी आहेत, एक नेसून विटलेलं आणि एक जवळजवळ कोरं. इरकलचं अंग निराळं असतं आणि पदर निराळा. अंगाचा ताणा सुती आणि पदराचा तांबडा रेशमी. मागावर दोन ताण्यांची टोकं एकेक धागा अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. त्या तांबड्या पदरावर पांढऱ्या रंगात जे आकार येतात त्यांची नावं कानडी, आणि ती सगळी भोवतालच्या गोष्टींची. हणिगी म्हणजे फणी, कोटी कम्मळी म्हणजे किल्ल्याचा तट, रंपा म्हणजे डोंगरांची रांग, आणि टोप तेनी म्हणजे ज्वारीची कणसं. तांबड्यात घुसलेली पांढरी निमुळती टोकं. मला हवं होतं ते हेच. मोराच्या पिसाऱ्याला बोर्डावर चढवणारे पुष्कळ आहेत, भाकरीच्या ज्वारीला कुणी विचारत नाही. निपाणी म्हटलं की लोकांना तंबाखू आठवतो, 1981 चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन आणि तो गोळीबार आठवतो. पण चिकोडी-निपाणीच्या काळ्या रानात शाळूही (रब्बीची ज्वारी) होता, अजूनही आहे, उसातून आणि सोयाबीनमधून जागा उरेल तेवढा.

मी पदराचे फोटो काढत होते. आत्ती म्हणाली, "वरनं काय बघूलालीस, उलटं करून बघ की. वरनं सगळीच गोड दिसत्यात."

उलट्या बाजूला धागा कुठून निघाला, कुठं वळला, किती धाग्यांवरून उडी मारून गेला, सगळं उघडं पडतं. मी घरी येऊन फोटो बाजूला ठेवले आणि त्या मागच्या बाजूवरून ग्राफ भरायला घेतला.

इथून पुढं कामाला गणिताचा वास येतो, पण ते सांगितल्याशिवाय इलाज नाही. बेळगावात वडगाव, शहापूर, खासबाग हा विणकरांचा पट्टा. माग बहुतेक साडीचे. साडीच्या मागावर डबल बेडची चादर एका पन्ह्यात निघत नाही. रुंद मागासाठी इचलकरंजी किंवा सोलापूर गाठायचं. विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग बसवल्यापासून इचलकरंजीची सवय आमच्या भागाला आहेच. मला मात्र काम वडगावातच करून घ्यायचं होतं. एक तर ते पायाखालचं. दुसरं म्हणजे तिथल्या मागवाल्यांना साडीच्या काठाची जी नजर आहे ती चादरीच्या कारखान्यात क्वचित सापडते. (तिसरं कारण कोरोनाचं. 2021 मध्ये राज्याच्या सीमेवर, कोगनोळी नाक्यावर, आरटी-पीसीआरचा कागद मागत होते तेव्हा इचलकरंजीला दिलेला माझा एक नमुना पलीकडंच अडकून पडला होता. तेव्हापासून मनात पक्कं बसलं की निदान नमुना तरी अलीकडं व्हावा.)

तर पन्हा 45 इंची. इंचाला 60 ताणे, म्हणजे रुंदीत 2700 धागे. जकार्ड 480 हुकांचं. सगळे हुक वापरले तर नमुना 8 इंचांवर पुन्हा येणार, आणि 45 ला 8 नं भागलं की कडेला अर्धवट कणीस उरणार. अर्धं कणीस काठाशी कापलेलं दिसलं की ती चादर ठाणातून फाडून आणल्यासारखी दिसते. म्हणून 30 हुक रिकामे सोडले. 450 हुकांत साडेसात इंची नमुना, 45 इंचांत बरोबर 6 वेळा. दोन पाट मध्ये शिवले की 90 इंचांची चादर. जुन्या घोंगड्या, खादीच्या चादरी अशाच दोन पाटांच्या असायच्या. शिवण लपवायची धडपड लोक करतात. मी नमुन्याच्या कडेला कणसाचा सरळ दांडा ठेवला, म्हणजे शिवण दांड्यात जाते आणि ती आहे म्हणूनच तिथं दांडा आहे असं वाटतं.

दुसरा प्रश्न घराचा, म्हणजे ग्राफच्या चौकोनाचा. इंचाला ताणे 60 आणि बाणे 40. साध्या ग्राफवर एक घर म्हणजे एक ताणा आणि एक बाणा धरला, तर विणताना ते घर रुंदीला इंचाचा साठावा भाग आणि उंचीला चाळिसावा येतं. कागदावरचा हत्ती मागावरून जिराफ होऊन उतरतो. म्हणून 3 ताणे आणि 2 बाणे मिळून एक घर धरलं. दोन्हीकडून इंचाचा विसावा भाग. साडेसात इंचांत 150 घरं. कसुतीवाली बाई जशी ठरावीक धागे मोजून टाका घालते तशीच ही मोजणी. फरक एवढाच, की तिच्या डोक्यात असते ती माझ्या कागदावर होती. उंचीलाही 150 घरं, म्हणजे 300 बाणे, म्हणजे जकार्डचे 300 पत्ते.

या 150 घरांत काय बसवायचं हे ठरवताना मी कसुती करणाऱ्या एका बाईंना बोलावून घेतलं आणि त्यांच्याकडून कापडाच्या पट्टीवर कणसं घालून घेतली. त्या कामाचे पैसे दिले. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या धंद्यात सुईच्या कामाचे पैसे देतात, पण 'हे असं घाला' म्हणून जे डोकं चालवलं त्याचे कुणी देत नाही. बाईंनी दाणे भरले नाहीत. नुसत्या बाह्यरेषेनं, पायऱ्यापायऱ्यांनी कणीस उभं केलं, आणि मध्ये एकाआड एक घर मोकळं सोडून दाणे दाखवले. मी आधी कागदावर कणीस पांढरं भरगच्च भरलं होतं. त्यांचं पाहिल्यावर मी माझं कणीस पोकळ केलं. ते देखणं झालंच, पण त्यामागं दुसरंही एक कारण होतं, ते मागावर कळलं.

वडगावातल्या एका मागवाल्या मामांच्या मागावर नमुना चढवला. तांबडा ताणा, पांढरा बाणा. जमीन ट्विलमध्ये बांधली, म्हणजे ताणा वर राहतो आणि जमीन तांबडी दिसते. कणसाच्या जागी बाणा वर येतो, तिथं पांढरं. पहिल्या हातभर कापडावर मामांनी अंगठा फिरवला. एका जागी दांडा जिथं फुटतो तिथं मी पांढऱ्याची जाड जागा ठेवली होती. बाणा पाऊण इंच मोकळा तरंगत होता.

"चित्र झ्याक आहे ताई," मामा म्हणाले, "पण पलंगावरची चादर ही. बाईमाणूस पाय घेणार वर, जोडवं अडकतंय की ह्याच्यात."

तीन शब्दांत अख्खा धडा: जोडवं अडकतंय की. साडीच्या पदरात मागून लांब धागा सुटला तर चालतो, अस्तर लावतात, कातरतात. चादरीवर माणसं झोपतात. लहान पोरांची बोटं असतात, बांगड्या असतात, जोडवी असतात, एखादं मांजरही असतं. आम्ही तिथंच नियम केला: कुठलाही धागा पाव इंचाच्या वर मोकळा जायचा नाही. पाव इंच म्हणजे 15 ताणे, म्हणजे 5 घरं. आता त्या बाईंची पट्टी पुन्हा काढून बघितली तर त्यांचं कुठलंच भरीव काम पाच घरांच्या पुढं जात नव्हतं. त्यांनी नियम म्हणून ते केलं नव्हतं. लांब टाका धुण्यात ओढला जातो हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. लोककलेतले आकार बारीक, तुटक, रेषेरेषेचे का असतात याची पुष्कळ रसाळ उत्तरं पुस्तकांत मिळतात. मला पटलेलं उत्तर हे आहे: ते वापरणाऱ्या बायांनीच केले होते आणि धुणंही त्यांनाच धुवायचं होतं.

ताणा तांबडा आणि बाणा पांढरा असल्यामुळं आणखी एक फायदा पदरात पडला. उलट्या बाजूला पांढऱ्यावर तांबडी कणसं आली. चादर कशीही पडली तरी सुलटी. गवंती टाक्याची जी खासियत, दोन्ही बाजूंनी बघण्याजोगं काम, ती रंग उलटे होऊन का होईना, मागावर साधली.

छपाईचं प्रकरण वेगळं. गिऱ्हाइकाला 'सेट' लागतो: चादर विणलेली, तर पडदे आणि टेबलक्लॉथ छापील, कारण ते स्वस्त पडतात. सगळ्यांत सोपं म्हणजे मागाचाच ग्राफ स्क्रीनवर चढवायचा. बहुतेक जण तेच करतात. पण विणीतली पायरी ही धाग्याची असते, डोळा ती मान्य करतो. तीच पायरी छापली की संगणकाचं चित्र मोठं करून फुटल्यासारखं दिसतं. तिथं धागा नसतो, नुसतं दातेरीपण असतं. म्हणून छपाईसाठी कसुती बाजूला ठेवली आणि वाकळ घेतली.

वाकळ, गोधडी, कानडीत कौदी. जुनी लुगडी-धोतरं थरावर थर घालून धावदोऱ्यानं शिवलेली. आमच्याकडं शिवण कडेनं सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत आत जाते. खानापूर-हल्याळच्या जंगलपट्टीतल्या सिद्दी बायाही असंच करतात. आफ्रिकेतून आलेल्या त्यांच्या पूर्वजांची आणि इथल्या चिंध्यांची गाठ त्यांच्या वाकळीत, म्हणजे कवांदमध्ये, पडलेली आहे. चार कोपऱ्यांत त्या त्रिकोणी घड्यांची 'फुलं' लावतात, आणि ती नसतील तर कवांद उघडंनागडं, असं त्या मानतात. मला यातली कडेकडून आत जाण्याची चाल फार भावली. मीटरवर विकायच्या कापडाला सुरुवात नसते, शेवट नसतो, कुठूनही कापा. वाकळीला कड असते, कोपरे असतात, मध्य असतो. टेबलक्लॉथलाही असतात. मग त्यावर सगळीकडं सारखी कणसं कशाला पेरायची?

कापड हुदलीच्या खादीचं घेतलं. हुदली बेळगाव तालुक्यातलंच गाव, गंगाधरराव देशपांड्यांचं. 1937 मध्ये गांधीसेवा संघाच्या बैठकीला गांधीजी तिथं आले होते. त्याआधी 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये सभासदत्वासाठी दरमहा 2000 वार सूत द्यायची अट मंजूर झाली होती. ती फार टिकली नाही, पण हुदलीत चरखा टिकला. खादीचं सूत कुठं जाड, कुठं बारीक. त्यावर बारीक रेषा छापली की रंग पसरतो आणि रेषा फुगते. धावदोऱ्याची तुटक रेषा मला हवी होती, पण दोन टाक्यांमधली जागा रंगानं बुजून जायला लागली. तेव्हा टाका आखूड केला आणि मोकळी जागा वाढवली. कागदावर ते विरळ, केविलवाणं दिसत होतं, कापडावर नेमकं बसलं. टाक्यांची रांग कडेनं फिरत आत जाते आणि चार कोपऱ्यांत चार कणसं. मध्य मोकळा ठेवला, कारण टेबलाच्या मध्ये शेवटी आमटीचं पातेलंच येणार. पुण्यातल्या विक्रेत्याला तो मध्य 'रिकामा' वाटला. मी म्हटलं, ताटं मांडून फोटो काढा. त्यांनी काढला आणि ऑर्डर दिली.

हे सगळं मी काही नवीन शोधून काढलेलं नाही. अलेक्झांडर जिरार्ड नावाचा अमेरिकन डिझाइनर 1952 पासून हर्मन मिलर कंपनीचं कापडाचं काम बघत होता. जगभरच्या लोककलेच्या लाखावर वस्तू त्यानं जमवल्या आणि 1978 मध्ये सांता फेच्या संग्रहालयाला देऊन टाकल्या. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 1955 साली भारतीय कापडाचं जे प्रदर्शन झालं त्याची मांडणीही त्याचीच. एवढा खजिना घरात असलेल्या माणसाची कापडं बघावीत तर बऱ्याचदा पट्टे, चौकटी, त्रिकोण. बाहुल्या आणि घोडे त्यानं सरसकट कापडावर उतरवले नाहीत, त्यांतले रंग आणि ठेका घेतला. आपल्याकडं विणकर सेवा केंद्रांत प्रभाकर बरव्यांसारखा चित्रकार नोकरीला होता. चित्रकारानं विणकराशेजारी बसावं, ही त्यामागची सरकारी कल्पना. सरकारी असूनही चांगली. आज तरुण डिझाइनर मागाशेजारी बसतात, पण बऱ्याचदा रील काढण्यापुरते.

आता थोडं कडू. 'शाळू' बाजारात आल्यावर एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्यानं तो पॉलिएस्टरवर डिजिटल छापून काढला. माझा ग्राफ जशाच्या तसा, दातेरी पायऱ्यांसकट. डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर 10 वर्षं संरक्षण मिळतं, पुढं 5 वर्षं वाढवता येतं. पण भांडायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे. शिवाय लोक लगेच म्हणतात, तुम्ही तरी कुठून आणलंत? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की टोप तेनी कुणा एकाची नाही, ती माझीही नाही. माझी आहे ती 150 घरांची मांडणी, पाव इंचाचा नियम, शिवणीचा दांडा. त्या व्यापाऱ्यानं कणीस घेतलं असतं तर मी काही बोलले नसते. त्यानं मोजणी उचलली, आणि तीही जिथं तिचं काही काम नाही अशा कापडावर.

चिठ्ठीवर काय लिहायचं यावरूनही एकदा खल झाला. विक्रेत्याला 'महाराष्ट्राची लोककला' हवं होतं, दुसऱ्या एका प्रदर्शनवाल्याला 'कर्नाटकाची पारंपरिक कला'. सीमाभागात राहणाऱ्याला हे नवीन नाही. इरकल आणि कसुती दोन्ही नावं भौगोलिक मानांकनाखाली नोंदलेली आहेत, तेव्हा माझ्या चादरीला 'इरकल' म्हणणं कायद्यानंही चूक आणि खोटंही. शेवटी चिठ्ठीवर छापलं: 'इरकली पदरावरच्या ज्वारीच्या कणसांवरून. विणकाम वडगाव, बेळगाव.' राज्याचं नाव नाही. आजवर एकाही गिऱ्हाइकानं ते विचारलेलं नाही.

वाचणाऱ्यांना एक विनंती. आजीच्या ट्रंकेत इरकल, कसुतीचं काळं लुगडं किंवा जुनी वाकळ असेल तर तिच्या कुशनच्या खोळी करायची टूम सध्या जोरात आहे. करायच्या असतील तर करा, कापड तुमचं आहे. पण कात्री लावण्याआधी उजेडात पसरून फोटो काढा, सुलट्या बाजूचा आणि उलट्याही. शेजारी फूटपट्टी ठेवा, म्हणजे इंचात किती धागे ते मोजता येतील. कोण नेसत होतं, कुठल्या पेठेतून आणलं, काठाला घरात काय म्हणत, हे विचारून लिहून ठेवा, कानडीत सांगितलं तर कानडीत. आणि पदर जिथं अंगाला जोडलेला असतो तो कोंडीचा हातभर तुकडा तेवढा अखंड ठेवा. खोळी शिवताना सगळ्यांत आधी तोच कापला जातो, आणि दोन ताणे कसे जोडले होते हे त्याच्याशिवाय दुसरीकडं कुठंच दिसत नाही.